द्वारकावहिनींना आंबा बाधतो

मंडळी, ऐका! पेटीवाले, जरा भाता थांबवा. तबलेवाले, तुम्हीही हात आवरा — सूर कुठे पळून जात नाही. आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या.

काशीला जाऊन माणूस काय करतो? — स्नान करतो. बरोबर. आणखी? — दर्शन घेतो. आणखी? — हां! त्या खांबाला टेकून बसलेल्या काकू बोलल्या — काहीतरी सोडून येतो! आपली रीतच आहे ती. काशीला गेलात की एखादी आवडती वस्तू गंगेला सांगून सोडायची, आणि मग जन्मभर तिला शिवायचं नाही. आवडती बरं का! पण आपण हुशार. आपण काय सोडतो? कारलं! ज्यानं जन्मात कारल्याकडे ढुंकून पाहिलं नाही तो गंगेत कंबरभर पाण्यात उभा राहून म्हणतो, "माते, कारलं सोडलं हो!" गंगासुद्धा तोंड फिरवून हसत असेल. आमच्या गावचे एक गृहस्थ तर खोटं बोलणं सोडून आले. घरी येऊन बायकोला काय सांगितलं? — "तंबाखू सोडली!"

हसा, हसा. पण प्रश्न पुढे आहे. आपण काय सोडलं ते आपण चार गावांत सांगतो. आपल्यासाठी दुसऱ्या कोणी काय सोडलं, ते आपल्याला ठाऊक असतं का? तुमच्या घरात, तुमच्या ताटाशेजारी बसून, कोणी तुमच्यासाठी काही सोडलंय का? — बघा, आता कोणी हसत नाही. धरा पेटी.

घेतले ते दिसे, सोडिले ना दिसे,
मायेचे हे असे, देणे गुप्त॥

आमच्या गुरुजींची ओळ आहे. ती मनात धरा आणि चला माझ्याबरोबर कोकणात.

राजापूरच्या अलीकडे एक गाव. डोंगराच्या कुशीत घर, घरापुढे विहीर, आणि विहिरीवर सावली धरून उभा एक हापूसचा आंबा. घर पाध्यांचं. घरात दिगंबर पाध्ये, म्हणजे दिगूमास्तर — हायस्कुलात भूगोल शिकवायचे. त्यांची बायको मालती. आणि मास्तरांची थोरली वहिनी, द्वारकावहिनी. थोरले भाऊ बापूदादा केव्हाच देवाघरी गेले. मास्तरांची आई तर मास्तर रांगत होते तेव्हाच गेली. तेव्हा ह्या वहिनीनंच त्यांना न्हाऊमाखू घालून मोठं केलेलं. नाव द्वारका, पण राजापूरच्या पलीकडे बाई कधी गेली नाही! राजापूरची गंगा तुम्हाला ठाऊक आहे — तिच्या मर्जीनं येते, मर्जीनं जाते. ती आली की वहिनी जाऊन स्नान करून यायच्या. तेवढीच त्यांची यात्रा.

तर दिगूमास्तरांच्या मनानं घेतलं — काशी बघायची. बघायची, हं! यात्रा नव्हे, सहल. दोन रात्री मुक्काम, मे महिन्याच्या सुट्टीत. बरोबर शाळेतले सुळेमास्तर आणि सुळेवहिनी. चौघं. आणि आमचे दिगूमास्तर म्हणजे भूगोलाचे! त्यांनी काय केलं? ओटीच्या कोब्यावर खडूनं अख्खी काशी काढली! इकडे अस्सी घाट, तिकडे राजघाट, मध्ये दशाश्वमेध, मागे विश्वनाथाची गल्ली. पलीकडच्या तीराला रामनगरचा किल्ला. एका कोपऱ्यात सारनाथ — ते पार पायरीपर्यंत गेलं. सकाळी कचोरी कुठे खायची आणि संध्याकाळी रबडी कुठे, तेही खडूनं. आणि मधून गंगेची निळ्या खडूची वळणदार रेघ. मुंडावळीच जणू काशीच्या कपाळाला.

रोज संध्याकाळी सुळेमास्तर यायचे. दोघे मास्तर उकिडवे बसून काशीत फिरायचे. "सारनाथ सकाळी की दुपारी?" "दुपारी भाजून निघू." "मग रामनगर?" "होडीनं जाऊ." अहो, निघायच्या आधीच निम्मी काशी पाहून झाली! प्रवासाच्या आनंदातला निम्मा आनंद बेत आखण्यातच असतो, खोटं का बोला.

आणि द्वारकावहिनी? त्या दाराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलायच्या. मधूनच विचारायच्या.

"दिगू, तिथे ऊन फार असतं का रे?"

"असतं तर! समुद्र लांब ना. खंडीय हवामान." — भूगोल!

दुसऱ्या दिवशी, "दिगू, त्या गाडीत वरच्या बाकावरच चढावं लागतं का रे सगळ्यांना?"

"नाही ग, खाली, मध्ये, वर, अशा तिन्ही जागा असतात." — पुन्हा माहिती!

तिसऱ्या दिवशी, "आणि घाटाला पायऱ्या उंच असतात का?"

"फार! म्हणून तर म्हटलं वहिनी, तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. नाहीतर तुला नेली नसती का? तुझ्यासाठी गंगा आणतो, सीलबंद. देव्हाऱ्यात ठेव."

वहिनींनी सोललेला लसूण वाटीत टाकला. मग म्हणाल्या, "आण हो. आणि माझ्या नावानं एक बुडी मार." आणि लसणाची सालं सुपात गोळा करून आत गेल्या.

मंडळी, बाईनं तीन दिवस तीन प्रश्न विचारले. तीनही प्रश्नांचा अर्थ एकच होता — मला नेतोस का रे? तुम्हाला कळला. त्या खांबाजवळच्या काकूंना तर पहिल्याच प्रश्नाला कळला. मास्तरांना नाही कळला! वाईट माणूस होता का? मुळीच नाही. वहिनीला थंडीत शाल आणणारा, गुडघ्याला तेल आणणारा माणूस. पण चांगल्या माणसाची हीच पंचाईत. तो वाईट करायला निघालेलाच नसतो, तेव्हा आपण काही वाईट करतोय असं त्याच्या ध्यानातच येत नाही.

आणखी एक गंमत. केर काढताना वहिनी त्या काशीला केरसुणी लावायच्या नाहीत. भोवतीनं झाडायच्या. ओटीवरून जाताना गंगेची रेघ चुकवून, भिंतीला हात धरून जायच्या — दुखरा गुडघा तसाच ओढत. पाय लागू नये ना! एकदा सकाळी मास्तर बाहेर येतात तो निळ्या रेघेवर एक अनंताचं फूल. मास्तर खूश. बायकोला म्हणतात, "बघ, वहिनीला माझा नकाशा आवडला." काय म्हणावं ह्या भूगोलाला!

एका संध्याकाळी मास्तर सांगत होते, "गंगा एरवी पूर्वेला जाते, पण काशीत उत्तरेकडे वळते. उत्तरवाहिनी." उंबऱ्यावरून वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे हिमालयाकडे तोंड करते. माहेराची आठवण होते वाटतं तिला." सुळेमास्तर म्हणाले, "वा, वहिनी." दिगूमास्तर म्हणाले, "तसं नव्हे, तिथला उतार तसा आहे."

असो. निघायचा दिवस जवळ आला. ओटीवर बैठक भरली. मास्तर, मालती, सुळे नवरा-बायको, आणि शेजारच्या खेरांची अक्का. ही अक्का वहिनींच्याही आधी त्या वाडीत लग्न होऊन आलेली, आता काठी टेकत चालणारी, पण कान शाबूत. तिलाही एक बुडी हवी होती तिच्या नावाची. कोकणात कोणी काशीला निघालं की अर्धी वाडी आपापली बुडी सांगून जाते. जाणारा बिचारा पुण्य कमावायला जातो आणि सर्दी घेऊन येतो!

विषय निघाला — कोण काय सोडणार? सुळेमास्तर म्हणाले, "मी दुपारची झोप सोडतो." त्यांची बायको म्हणाली, "मग शाळेत काय कराल?" हशा! मालती म्हणाली, "मी आपली वांगी सोडते." दिगूमास्तर म्हणाले, "मी भोपळा." आणि मग, मंडळी, हसता हसता ते वाक्य त्यांच्या तोंडून गेलं —

"आमची वहिनी आली असती तर तिचं काम सगळ्यांत सोपं होतं! आंबा सोडला की झालं. नाहीतरी खातच नाही, बाधतो तिला!"

सगळे हसले. आत वहिनी चहा गाळत होत्या, त्यांना ऐकू गेलं. त्याही हसल्या असतील.

अक्का मात्र हसली नाही. तिनं काठी आडवी ठेवली मांडीवर.

"दिगू," ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं द्वारकेला आंबा बाधतो?"

"तीच म्हणते की. मी कळता झाल्यापासून बघतोय. आम्हाला कापून देते, रस वाळवून साठं घालते, पन्हं करते, आणि स्वतः फोडीला शिवत नाही. उष्ण पडतो म्हणते."

"अरे, ती नवी नवरी होती तेव्हा त्या विहिरीच्या पायरीवर बसून आंबे खायची. कोपरापर्यंत रस! मामंजी खाकरायचे तेव्हा पदरानं तोंड पुसून आत पळायची. एका बैठकीला किती खायची ते मी बघितलंय. आणि तिला म्हणे आंबा बाधतो."

"मग?"

अक्कानं आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "मला बोलू नको असं बजावलंय तिनं. पण आता मी किती दिवसांची? ऐक. तू लहान होतास, तुला मुदतीचा ताप आला. वैशाख महिना. वैद्यानं हात टेकले. बापू घाट चढून देशावर गेलेला औषधाला. मी ह्या घरात होते त्या संध्याकाळी. ही तुला मांडीवर घेऊन देव्हाऱ्यापुढे बसली आणि मोठ्यानं बोलली — विश्वनाथा, माझं पोर उठून बसू दे. ह्याचा हात धरून तुझ्या गंगेत स्नानाला येईन. येईन तोवर आंबा तोंडात घालणार नाही."

पेटीवाले, नको. आत्ता सूर नको.

"मग गेली का नाही?" मास्तरांनी विचारलं.

"कधी जाणार? तू बरा झालास, लगेच जायचं तर हाताशी काही नाही. मग तुझं शिक्षण. मग बापू गेला. मग तुझं लग्न. राजापूरची गंगा आली की दर वेळी मी म्हणायची, द्वारके, तिथे बुडी मार आणि फेड तो नवस. म्हणायची, अक्का, बोलले ते काशीचं, आणि बोलले ते ह्याचा हात धरून. आता तू निघालास खरा काशीला. हात मात्र सुळेमास्तरांचा धरून निघालास."

इतक्यात आतून वहिनी चहाचं तबक घेऊन आल्या. सगळ्यांची तोंडं बघितली आणि उमगल्या.

"अक्का," त्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"वहिनी," मास्तर उभे राहिले, "हे खरं?"

"चहा गार होतोय."

"तू मला आंबा बाधतो म्हणून सांगितलंस."

"बाधलाच असता की. शब्द मोडून खाल्ला असता तर बाधलाच असता."

"एवढी वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस? मी काशीला निघालो तरी नाही?"

वहिनींनी तबक खाली ठेवलं. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू मला नेलीच असतीस रे. ऋण म्हणून नेली असतीस. देवाशी बोलणं माझं झालं होतं, त्याचं ओझं तुझ्या मानेवर कशाला? तुला आपणहून वाटलं तर जाऊ, असं म्हटलं. नाही वाटलं, तर तू जिवंत आहेस, हिंडतोयस, काशीला निघालायस — मला आणखी काय हवंय?"

मंडळी, दिगूमास्तर तसेच खाली बसले. कुठे बसले? त्या खडूच्या काशीत! सारनाथावर एक हात, दशाश्वमेधावर दुसरा. आणि लहान पोरासारखे रडले. सुळेमास्तरांनी चष्मा पुसायला घेतला, तो पुसतच राहिले. मालती उठली आणि जावेच्या पायाशी बसून तिचा सुजलेला गुडघा दाबायला लागली.

जरा वेळानं मास्तरांनी काय केलं? ओलं फडकं आणलं आणि सारनाथ पुसलं. रामनगर पुसलं. कचोरीही पुसली! सुळे म्हणाले, "अहो, कचोरी तरी ठेवा!" मास्तर थांबले नाहीत. शेवटी कोब्यावर एक निळी रेघ उरली, तिच्या काठाला एक घाट, आणि सुकलेलं एक फूल.

मग ते वहिनींकडे वळले. "वहिनी, आता तू सांग. काशीत तुला काय बघायचंय?"

"मला बघायचं काही नाही रे. मला पोचायचंय." आणि लाजत, "ते होडीतून नेतात म्हणतात, ते एकदा."

बघा! बाई संत नव्हती, बाई होती. होडीत बसायची हौस होती तिला. म्हणून मला ती संताइतकी आवडते.

चौघांची तिकिटं रद्द झाली, पाचांची नवी निघाली. खालचं बाक वहिनींना. आणि विहिरीवरच्या झाडाचे आंबे, जरा कच्चेच उतरवून, गवतात घालून एका पेटीत. गाडीत दुसऱ्या दिवशी वास सुटला. डब्यातला एक एक प्रवासी विचारायला लागला, "भाईसाब, ये खुशबू?" मास्तर पेटीवर हात ठेवून बसलेले, जसा काही आत बाळकृष्णच निजलाय.

आली हो काशी! पहाटेची वेळ, ऊन चढायच्या आत. सगळा घाट पायऱ्यांचा. वहिनी वर उभ्या राहिल्या. खाली गंगा. मास्तरांनी हात पुढे केला. वहिनींनी तो धरला. मंडळी, देव्हाऱ्यापुढे बोलल्या होत्या ना — ह्याचा हात धरून? तेव्हा तो हात तापानं फणफणलेला, मुठीत मावणारा होता. आज त्याच हातानं त्यांना एक एक पायरी उतरवली. एक पायरी, बसायचं. दुसरी पायरी, बसायचं. एक नावाडी वर धावत आला, त्यानं दुसरा खांदा दिला, काही न विचारता. परक्या मुलखात असे हात मिळतात, त्यांची नावं आपल्याला कळतसुद्धा नाहीत. त्यांचेही उपकार म्हणायचे!

धरा हो पेटी आता, धरा!

घेतले ते दिसे, सोडिले ना दिसे,
मायेचे हे असे, देणे गुप्त॥

वहिनींनी बुडी मारली. हात सोडला नाही, दोघांनी एकदमच मारली. वर आल्या, नाकातोंडातून पाणी, आणि हसतायत! मग अक्काच्या नावाची एक. बापूदादांच्या नावाची एक.

घाटावर छत्रीखाली एक गुरुजी बसलेले. आपले मराठी; पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिलेली घरं आहेत आपल्या माणसांची. त्यांनी संकल्पाचं पाणी हातावर घातलं आणि रिवाजानं विचारलं, "आजीबाई, काय सोडणार?"

वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, मी सोडायला नाही आले. सोडलेलं परत धरायला आलेय."

मास्तरांनी पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला आंबा काढला. विहिरीवरच्या झाडाचा. पिवळाधमक. वहिनींनी तो आधी गंगेला दाखवला, विश्वनाथाच्या कळसाकडे बघून डोळे मिटले. मग देठ काढला, चीक पिळला, बोटांनी मऊ केला. आणि सवयच ती! — आंबा पुढे केला मास्तरांच्या तोंडाशी. "आधी तू."

आणि दिगूमास्तर म्हणाले, "नाही वहिनी. मला नको."

मंडळी, त्या घरात "मला नको" म्हणायची मक्तेदारी एकाच माणसाची होती. आज पहिल्यांदा ते वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारलं.

वहिनींनी आंबा तोंडाला लावला. पायरीवर बसून खाल्ला. रस हनुवटीवरून, मनगटावरून, कोपरापर्यंत! मामंजी खाकरायला नव्हते. मास्तरांनी विचारलं, "गोड आहे का ग?"

कोय तशीच हातात धरून त्या म्हणाल्या, "तस्साच आहे रे." आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात कुठे मोकळा होता? मालतीनं आपल्या पदरानं पुसलं.

गुरुजी मास्तरांकडे वळले. "यजमान, तुम्ही? तुम्ही काय सोडणार?"

मास्तर म्हणाले, "मी आंबा सोडतो."

"मेल्या!" वहिनी कडाडल्या. रसानं भरलेला हात उगारला. "मी एवढी गुडघे फोडत आले ती तुझ्या तोंडचा घास काढायला? खबरदार. सोडायचंच असेल तर ते 'तुला झेपणार नाही' म्हणणं सोड."

आणि तेच सोडलं हो त्यांनी! गंगेचं पाणी हातात घेऊन सोडलं. त्या दुपारी वहिनी होडीत बसल्या. संध्याकाळची आरती पाहिली. रबडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "ते सारनाथ की काय, पुसलंस ते, लांब आहे का रे?"

मंडळी, आख्यान संपलं. आता तुमची पाळी. बघा ना माझ्याकडे, मान खाली का? तुमच्या घरात कोणाला काय बाधतं? शेवटची पोळी कोणाला बाधते? सायीचं दही कोणाला बाधतं? खिडकीजवळची जागा कोणाला सोसत नाही? कोण म्हणतं, "तुम्ही जाऊन या, मला घरीच बरं वाटतं"? — आणि आपण किती पटकन मानलं, नाही? किती सोयीचं होतं ते! आपण जे आज उभे आहोत, खातोय, हिंडतोय, ते कोणाच्या तरी न खाल्लेल्या घासावर उभे आहोत. तो घास फेडता येत नाही. पण ओळखता येतो. ओळखलात की देवाला तेवढं पुरतं.

आज प्रसादाला आंब्याच्या फोडी आहेत. मघापासून वास येतोय, तुमचं अर्धं लक्ष तिकडेच आहे, मला दिसतंय. खा, पोटभर खा. पण एक फोड रुमालात बांधा. घरी जे माणूस "मला नको, मला बाधतो" म्हणेल ना, त्याच्यासमोर बसा. उत्तराची घाई करू नका. त्यानं फोड तोंडात घालेपर्यंत उठायचं नाही.

काशी तिथेच आहे, मंडळी, तुमच्या घरातल्या उंबऱ्यावर बसलीय, लसूण सोलत. हात पुढे करा! आणि आता दोन्ही हात वर करून, त्या सगळ्या न मागणाऱ्यांच्या नावानं, मोठ्यानं म्हणा — हर हर गंगे!